फवारणी पंपाचं धुवण कुठे जिरवायचं? जैवखड्डा करण्याची रीत, क्रमाने

फवारणी संपली की पंप विहिरीच्या काठावर किंवा नाल्यात धुतला जातो आणि ते धुवण जिथे पडेल तिथे जिरतं. काही जण आता त्यासाठी जैवखड्डा, म्हणजे काड, माती आणि कुजलेल्या खताच्या मिश्रणाने भरलेला खड्डा करतात, पण बहुतेक ठिकाणी तोही बिघडलेला दिसतो. ऑगस्टमध्ये त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, नाहीतर एप्रिलपर्यंत तो कोरडाठाक पडलेला असतो. कारणं ठरलेली आहेत: मिश्रण मुरू न देता खड्डा भरला, वर छप्पर नाही, आणि जे हाती आलं ते सगळं त्यात ओतलं.

खड्ड्यात काम करतात ते मातीतले जिवाणू. ते विकत आणावे लागत नाहीत, कारण ज्या वावरात वर्षानुवर्षं फवारणी झाली तिथे त्यांतल्या काहींना ते रसायन तोडायची सवय लागलेली असते. आपण त्यांना हवा, ओल आणि कार्बन द्यायचा आणि एका वेळी त्यांच्या आवाक्यापेक्षा जास्त विष त्यांच्या अंगावर टाकायचं नाही. पुढची प्रत्येक पायरी यासाठीच आहे.

खालची मापं कापूस, सोयाबीन, तूर किंवा संत्र्याच्या वावरासाठी आहेत, जिथे पाठीवरचे दोन-तीन पंप चालतात. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचं धुवण शेकडो लिटर निघतं, त्याला हा खड्डा पुरणार नाही.

## १. खड्ड्यात काय चालतं, काय नाही

हे आधी ठरवा. खड्डा चांगला बांधूनही मरतो तो बहुतेक वेळा इथल्या चुकीमुळे.

चालतं: क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकं, सायपरमेथ्रिनच्या कुळातली औषधं आणि २,४-डीसारखी तणनाशकं. ती सारख्या वेगाने तुटत नाहीत. ओल्या, उबदार मातीत २,४-डी दहा-पंधरा दिवसांत निम्मं होतं. क्लोरपायरीफॉसला काही आठवडे ते काही महिने लागतात. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त टिकतं. खड्ड्यात सगळं दिवाळीपर्यंत संपतं असं धरून चालू नका.

चालत नाही:

- बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही तांब्याची बुरशीनाशकं. तांबं हे मूलद्रव्य आहे, जिवाणू ते तोडू शकत नाहीत. ते साठत जातं आणि शेवटी जिवाणूंनाच मारतं. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांनी तांब्याच्या औषधासाठी वेगळा पंप ठेवावा. त्याचं धुवण ज्या झाडांवर फवारणी झाली त्यांच्यावरच संपवावं.
- स्ट्रेप्टोसायक्लिन. हे प्रतिजैविक जिवाणू मारण्यासाठीच बनवलेलं आहे. कपाशीच्या करप्यावर ते तांब्यासोबत फवारतात, म्हणजे दोन्हींचा मारा एकदम.
- पॅराक्वॅट हे तणनाशक. काळ्या मातीच्या चिकणकणांना ते इतकं घट्ट चिकटतं की जिवाणूंच्या हाती फारसं लागत नाही आणि खड्ड्यात साठत राहतं.
- बाटलीतलं उरलेलं किंवा मुदत संपलेलं औषध.

शेवटच्या मुद्द्याचा हिशेब करून बघा. क्लोरपायरीफॉस २० ईसी म्हणजे लिटरला २०० ग्रॅम मूळ औषध. लिटर पाण्याला अडीच मिली घेतलं तर फवाऱ्याच्या एका लिटरात ५०० मिलिग्रॅम असतं. पंपाच्या तळाशी उरलेला एक लिटर फवारा १० लिटर पाण्याने धुवून खड्डाभर शिंपडला, तर सहाशे-सातशे किलो मिश्रणात किलोमागे एक मिलिग्रॅमही पडत नाही. तेच १०० मिली औषध बाटलीतून एका कोपऱ्यात ओतलं, तर २० ग्रॅम औषध वीस-एक किलो मिश्रणात बसतं, किलोमागे १,००० मिलिग्रॅम. त्या कोपऱ्यात पुढचे कित्येक महिने काही जगणार नाही.

> सूचना: रिकामी बाटली तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच टाका, खड्ड्यात नाही. टाकीतला शेवटचा फवाराही स्वच्छ पाण्याने पातळ करून पिकावरच संपवा. खड्डा आहे तो त्यानंतरच्या धुवणासाठी.

## २. कामाचं वेळापत्रक

नागपूरकडे पाऊस जूनच्या मध्याला लागतो आणि जुलैत फवारण्या सुरू होतात. मिश्रणाला मुरायला ६ ते ८ आठवडे लागतात. त्यामुळे क्रम असा ठेवा: फेब्रुवारी-मार्चमध्ये माती, एप्रिलमध्ये काड आणि कालवणं, जूनच्या पहिल्या आठवड्यात खड्डा भरणं. जुलैत कीड दिसल्यावर खड्डा खणायला घेतला तर तो त्या वर्षी उपयोगी पडत नाही.

## ३. जागा आणि खड्डा

विहीर, बोअर आणि नाल्यापासून ५० मीटर दूर जागा घ्या. पावसाचं वाहतं पाणी जिथून जातं ती सखल जागा नको. गोठ्याजवळ नको, आणि मुलं जिथे खेळतात तिथे तर नकोच.

आतलं माप: लांबी २ मीटर, रुंदी १ मीटर, खोली ८५ सेंटिमीटर. यात १० सेंटिमीटर गिट्टी, ६० सेंटिमीटर मिश्रण आणि वर १५ सेंटिमीटर मोकळी जागा. मिश्रण साधारण १.२ घनमीटर होतं. एका घनमीटरला वर्षाला १,००० लिटरपर्यंत धुवण, हे ढोबळ प्रमाण धरा.

आपली भारी काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तळाला चिकणमातीचा थर देऊन भागत नाही. मे महिन्यात त्याच थराला बोटभर भेगा पडतील आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यातून थेट खाली जाईल. शेततळ्याला वापरतात ती ५०० मायक्रॉनची फिल्म अंथरा. या मापाला ४.५ × ३.५ मीटरचा एक अखंड तुकडा लागतो. जोड देऊ नका. खणताना निघालेली मुळं आणि खडे वेचून तळाला दोन बोटं मऊ माती पसरा, नाहीतर फिल्म टोचते.

तळाला एका कोपऱ्याकडे हलका उतार ठेवा. त्या कोपऱ्यात ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा करा. त्याच्या खालच्या २० सेंटिमीटरला भोकं पाडा आणि वरचं तोंड झाकणाने बंद ठेवा. खाली किती पाणी साठलंय ते काठी घालून याच पाइपातून कळतं. हा पाइप पैसे वाचवायला गाळू नका, त्याच्याशिवाय खड्डा तुंबल्याचं वास सुटेपर्यंत कळत नाही.

मग गिट्टी, साधारण १३-१४ घमेली. तिच्यावर शेडनेट अंथरा, म्हणजे मिश्रण खाली गळून गिट्टी बुजणार नाही. पोतं वापरू नका, तागाचं पोतं एका पावसाळ्यात कुजून जातं.

काठ जमिनीपासून २० सेंटिमीटर वर उचला. वर टिनाचं छप्पर घाला, चारही बाजूंनी हातभर पुढे आलेलं आणि माणूस वाकून काम करू शकेल इतकं उंच. नागपूरला वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दोन चौरस मीटर उघड्या खड्ड्यात त्याचे दोन हजार लिटर होतात, धुवणाच्या आपल्या मर्यादेच्या दीडपटीहून जास्त.

> तपासणी: भरण्याआधी खड्ड्यात चार-पाच बादल्या पाणी ओतून पाइपातली पातळी काठीवर खूण करून ठेवा. दुसऱ्या दिवशी खूण फार खाली गेली असेल तर फिल्म फाटली आहे.

## ४. माती कुठली घ्यायची

ज्या वावरात तुम्ही तीच औषधं नेहमी वापरता तिथली, पिकाच्या ओळीतली, वरच्या १५ सेंटिमीटर थरातली. चार-पाच जागांची घेऊन एकत्र करा.

इतक्या जागा घेण्यामागे कारण आहे. क्लोरपायरीफॉसचा रेणू तोडताना जिवाणूंचं विकर (एन्झाइम) फॉस्फरस आणि ऑक्सिजनमधला बंध कापतं. मूळ कीटकनाशक तिथे संपतं, पण टीसीपी नावाचा एक क्लोरीनयुक्त तुकडा मागे राहतो आणि तो जिवाणूंनाच बाधतो. पहिला घाव घालणारे जिवाणू बऱ्याचदा हा तुकडा पचवू शकत नाहीत, त्याला दुसरे लागतात. सूडोमोनास, स्फिंगोबियम, आर्थ्रोबॅक्टर, बॅसिलस अशा कुळांची गर्दी एकत्र असेल तरच काम शेवटाला जातं. एका जागच्या मातीत ती सगळी असतीलच असं नाही.

कृषी केंद्रात मिळणारी सूडोमोनासची बाटली यासाठी घेऊ नका. ती पिकाच्या बुरशीजन्य रोगांसाठी असते. कीटकनाशक तोडण्याची क्षमता ठरावीक वाणात असते, नुसतं कूळ एक असून उपयोग नाही.

माती वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी असतानाच काढा. फेब्रुवारीत ओलिताच्या गहू-हरभऱ्याच्या वावरात पाणी दिल्यावर तीन-चार दिवसांनी वाफसा मिळतो. ओल्या काळ्या मातीचे गोळे होतात आणि त्या गोळ्यांच्या आत हवा जात नाही. वाळलेल्या मातीची ढेकळं फुटत नाहीत. माती फारच भारी असेल तर निम्मी मध्यम किंवा बरड जमिनीची मिसळा.

> ही माती घेऊ नका: जिथे पंप धुतले जातात किंवा औषध सांडलं आहे तिथली. तिथे सवयीचे जिवाणू मिळतील असं वाटतं, पण त्यासोबत साठलेलं तांबंही खड्ड्यात येतं.

काढलेली माती उन्हात वाळत घालू नका आणि पोत्यात घट्ट बांधूनही ठेवू नका. कालवणीला वेळ असेल तर सावलीत ढीग करून ओलं पोतं टाकून ठेवा.

## ५. काड, खत आणि कालवण

प्रमाण आकारमानाने: काड २, माती १, कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट १. वजनाने मोजू नका, काड हलकं असल्याने सगळा हिशेब चुकतो. एकच घमेलं ठरवा.

१.२ घनमीटरला १५ लिटरच्या घमेल्याने ८० घमेली होतात, पण कालवल्यावर माती काडाच्या पोकळ्यांत शिरते आणि ढीग बसतो. म्हणून १०० घमेली धरा: ५० काड, २५ माती, २५ खत.

काड. गव्हाचं काड किंवा मौदा-रामटेककडची धानाची तणस उत्तम. पाच ते आठ सेंटिमीटरचे तुकडे करा. सोयाबीनचं कुटार घरोघरी असतं म्हणून तेच टाकलं जातं, पण ते बारीक असतं, लवकर कुजून दबतं आणि हवा अडते. घालायचंच असेल तर काडाच्या पाव भागापर्यंत. श्रेडरमधून काढलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) हीसुद्धा तेवढीच चालते. तिच्यात लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारा घटक) जास्त असल्याने ती जास्त काळ टिकते, मात्र किडकी बोंडं आधी वेचून जाळा, नाहीतर गुलाबी बोंडअळीची सोय होईल.

काडाची दोन कामं आहेत. औषध त्याच्या पृष्ठभागाला धरून राहतं, आणि ते हळूहळू कुजताना जिवाणू-बुरशीला कार्बन पुरवतं. थंड देशांत या खड्ड्यांमध्ये आम्लधर्मी पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) घालतात, त्यामुळे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला जोर येतो. आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५ असतो. इथे भार जिवाणूंवर जास्त पडतो आणि पीटच्या जागी कंपोस्ट चालतं. सामू खाली आणायला गंधक वगैरे घालण्याच्या भानगडीत पडू नका.

खत. पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं. ताजं शेण घातलं तर ढीग तापतो आणि अमोनिया सुटतो.

युरिया नको, गूळही नको. काही जिवाणू ॲट्राझिनसारखं तणनाशक नायट्रोजनसाठी तोडतात. सहज मिळणारा नायट्रोजन समोर आला की ते त्या कामातून अंग काढून घेतात. गुळावर वाढतात ते साखर खाणारे जिवाणू, आणि ते मिश्रणातला ऑक्सिजन ओढून घेतात. वावरात जीवामृत (शेण, गोमूत्र आणि गुळाचं द्रावण) जरूर वापरा, पण या खड्ड्यात ते नको.

ताडपत्रीवर काडाचा थर, वर माती, वर खत असे पातळ थर देत फावड्याने तीनदा उलथा. दर उलथणीला झारीने पाणी शिंपडा. ओल किती ते मुठीने ठरवा: मूठभर मिश्रण जोरात दाबलं की बोटांच्या फटीत पाणी चमकावं, फार तर एखादा थेंब पडावा, आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकावा. धार लागली तर पाणी जास्त झालं. गोळा लगेच विस्कटला तर कमी.

ढीग सावलीत ठेवून ओल्या पोत्यांनी झाका. पहिल्या आठवड्यात तो तापेल, हात घालवणार नाही इतका. दर दहा-बारा दिवसांनी उलथून ओल पाहा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना वरचा वीतभर थर दोन दिवसांत वाळतो, तेव्हा पोत्यांवर रोज पाणी मारा.

> तपासणी: उलथल्यानंतरही ढीग पुन्हा तापत नसेल, काड तपकिरी आणि मऊ झालं असेल आणि वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा येत असेल, तरच खड्डा भरा.

## ६. जिवंत आहे का, ते चुन्याच्या निवळीने पाहा

खाण्याचा चुना चमचाभर लिटरभर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्या. घट्ट झाकणाच्या दोन बरण्या घ्या. एकीत २०० ग्रॅम मिश्रण आणि त्यावर वाटीत २० मिली निवळी, दुसरीत फक्त निवळीची वाटी. झाकणं लावून दोन्ही सावलीत ठेवा.

दुसऱ्या दिवशी मिश्रणाच्या बरणीतली निवळी दुधाळ झालेली किंवा तिच्यावर पांढरी साय धरलेली दिसली पाहिजे. जिवाणूंच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते होतं. रिकाम्या बरणीतली निवळी जवळजवळ नितळ राहते. ही दुसरी बरणी लावल्याशिवाय चाचणीला अर्थ नाही, कारण हवेनेही निवळी थोडी गढूळ होते.

यातून कळतं ते फक्त जिवाणू जागे आहेत एवढंच. औषध तुटलं की नाही ते अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेतच समजतं.

## ७. भरणं आणि वापर

मिश्रण २० सेंटिमीटरच्या थरांनी भरा. पायाने तुडवू नका, फावड्याच्या पाठीने नुसतं सारखं करा. वर हरळीचे गड्डे लावा. गवत जादा ओल शोषतं आणि वरचा थर मोकळा ठेवतं. धुवणात तणनाशक असेल तर ते पिवळं पडेल. अशा वेळी नवीन गड्डे लावायची घाई नको, तीन-चार आठवडे थांबा.

भोवती काट्याचं कुंपण घाला आणि पाटी लावा. शेळ्यांना ते हिरवं गवत लांबून दिसतं.

धुताना नायट्रिलचे हातमोजे, गमबूट आणि मास्क घाला. पंप खड्ड्याच्या काठावरच, जाळीवर ठेवून धुवा. एका पंपाला १० लिटर पाणी पुरे, तेही एकदम न ओतता तीन वेळा थोडं थोडं. धुवण झारीने सगळीकडे सारखं शिंपडा. एका दिवसात ३० लिटर, आठवड्यात ६० लिटर ही कमाल. साबण अगदी थोडा चालेल. फिनाइल आणि ब्लीचिंग पावडर जवळही आणू नका.

सप्टेंबरमध्ये लागोपाठ फवारण्या होतात तेव्हा ही मर्यादा मोडण्याचा मोह होतो. जादा धुवण झाकणाच्या ड्रममध्ये साठवा आणि पुढच्या आठवड्यात शिंपडा.

> तपासणी, दर आठवड्याला: पाइपात काठी घाला. पाणी पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर हातपंपाने उपसून पुन्हा वरून शिंपडा, आणि पातळी उतरेपर्यंत नवं धुवण बंद. सडका वास आला तर मिश्रणात हवा राहिलेली नाही. पंजाने वरचा ३० सेंटिमीटर थर मोकळा करा आणि मूठभर काड मिसळा.

## ८. वर्षभराची निगा

छप्पर आणि धुवणाची मर्यादा पाळली तर पावसाळ्यात खड्डा सहसा बिघडत नाही, बिघडतो तो मार्च ते मे. फवारण्या बंद असतात म्हणून कुणी तिकडे फिरकत नाही आणि मिश्रण वाळतं. जिवाणूंचं काम थांबतं, आणि पूर्ण वाळलेलं काड नंतर पाणीही पटकन धरत नाही, ते बाजूने निसटून थेट तळाला जातं. दर आठवड्याला मुठीची चाचणी करा आणि गरजेप्रमाणे साधं पाणी शिंपडा. वर काडाचा चार बोटांचा थर घाला. डिसेंबर-जानेवारीत थंडीने वेग मंदावतो, तेव्हा विशेष काही करायला नको.

मिश्रण दर वर्षी बसतं. १० ते १५ सेंटिमीटर खाली गेलं की मे महिन्यात त्याच प्रमाणात कालवून मुरवलेलं नवं मिश्रण वरून घाला आणि वरच्या थरात मिसळा. नुसतं काड टाकून पातळी भरून काढू नका.

## ९. खड्डा रिकामा करताना

पाच-सहा वर्षांत काड माती होऊन जातं आणि मिश्रण दाट होतं. पाइपात वारंवार पाणी साठू लागलं की बदलायची वेळ आली. शेवटचं धुवण टाकल्यावर किमान तीन महिन्यांनी मिश्रण काढा, फिल्मवर ढीग करा, ओलं ठेवा, झाका आणि वर्षभर मुरू द्या.

नंतर कुंडीत चाचणी घ्या. हे मिश्रण आणि वावरातली स्वच्छ माती निम्मी-निम्मी भरून काकडी आणि मोहरीचे दहा-दहा दाणे पेरा. शेजारी साधं कंपोस्ट आणि तीच माती भरलेली कुंडी ठेवा. १५ ते २० दिवसांत पहिल्या कुंडीतली रोपं पिवळी, खुरटी किंवा वाकडी दिसली तर तणनाशक अजून शिल्लक आहे, ढीग आणखी सहा महिने ठेवा. कीटकनाशकाचं या चाचणीत काही कळत नाही. शंका असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्या. ढिगाच्या आठ-दहा जागांवरून घेतलेलं मिश्रण एकत्र करून त्यातलं अर्धा किलो काचेच्या बरणीत भरा आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. कुठली औषधं वापरली त्यांची यादी सोबत जोडा, तिच्यावाचून प्रयोगशाळेला काय शोधायचं ते कळत नाही.

तयार झालेलं मिश्रण कपाशीच्या वावरात पातळ पसरून वखराने मिसळा. भाजीपाला, चारा आणि विहिरीजवळच्या जागेत नको. नवं मिश्रण कालवताना या जुन्यातली पाच घमेली मातीच्या वाट्यात धरून घाला, त्यातले जिवाणू तुमच्या औषधांना सरावलेले असतात. जुनी फिल्म वैरण झाकायला मात्र घेऊ नका.